डांग्या खोकला

डांग्या खोकला हा ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ या जीवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा अत्यंत सांसर्गिक रोग आहे. त्याला माकडखोकला असेही म्हणतात. श्वास घेण्याइतकी उसंत न देता एकामागून एक ठसके येतात आणि उबळ सरताच हवा जोराने आत ओढली जाऊन ‘हुप्’ असा आवाज होतो. हा आवाज म्हणजेच रोगाची खूण, असा समज रूढ आहे. परंतु तान्ह्या मुलांत आणि प्रौढांत तो बहुधा ऐकू येत नाही, आणि जेव्हा ऐकू येतो तेव्हा रोग्याने आपला संसर्ग इतरांना दिलेला असण्याचा संभव असतो.

पॅरिसमधील १५७८ सालच्या साथीचे वर्णन गिय्योम द बायू या फ्रेंच वैद्याने केले. कारक जीवाणू वेगळा करण्यात ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव झांगू यांना १९०६ मध्ये यश आले.

रोग्याच्या खोकण्याशिंकण्यातून उडालेल्या तुषारांवाटे जीवाणू श्वसनमार्गात शिरतात आणि तेथील पेशींवरच्या केसलांना, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंना, चिकटतात. एरवी हे केसल एका लयीत हलून कफ वर ढकलत असतात. जीवाणूंच्या विषांनी ते निकामी झाले की चिकट कफ जागीच साचतो व तो बाहेर टाकण्यासाठी खोकण्यावाचून मार्ग उरत नाही. जीवाणू नाहीसे झाल्यावरही केसलांची झीज भरून येण्यास वेळ लागतो. म्हणूनच हा खोकला महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि म्हणूनच उबळी सुरू झाल्यावर दिलेल्या प्रतिजैविकांनी त्यांत फारसा उतार पडत नाही.

संसर्गानंतर साधारणतः ७ ते १० दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. पहिले एक-दोन आठवडे नाक वाहणे, बारीक ताप, किरकोळ खोकला एवढेच असते, आणि साध्या पडशापासून वेगळे न ओळखता येणारा हाच काळ सर्वाधिक सांसर्गिक असतो. पुढे उबळींची अवस्था येते: चेहरा लालनिळा होतो, डोळ्यांत पाणी येते, शेवटी चिकट कफ पडतो किंवा उलटी होते. दोन उबळींच्या मधल्या वेळात मूल पुष्कळदा अगदी ठीक दिसते, ही गोष्ट पालकांची फसगत करणारी आहे. ही अवस्था १ ते ६ आठवडे, क्वचित त्याहून अधिक टिकते व नंतर खोकला हळूहळू ओसरतो.

एक वर्षाखालील, विशेषतः पहिल्या काही महिन्यांतील बालकांना हा रोग जिवावर बेततो. त्यांना खोकला फारसा न येता श्वासच मध्येच थांबू शकतो. न्यूमोनिया, आकडी आणि मेंदूला इजा हे उपद्रवही संभवतात. अशा बालकास रुग्णालयात ठेवणेच योग्य. निदानासाठी नाकाच्या मागील भागातील स्रावाची तपासणी करतात. उपचारात ॲझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके देतात. ती लवकर दिल्यास रोग सौम्य होतो, उशिरा दिली तरी संसर्ग पसरणे थांबते.

प्रतिबंधाचा मुख्य उपाय लस हा आहे. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथे परिणामकारक लस तयार केली. पुढे घटसर्प व धनुर्वात यांच्या लशींशी जोडून तिची त्रिगुणी लस झाली. संपूर्ण जीवाणूंपासून केलेल्या या लशीने ताप व सूज येत असल्याने जपानने १९८१ मध्ये केवळ निवडक घटकांची लस वापरात आणली. तिचा त्रास कमी, मात्र संरक्षण लवकर ओसरते. प्रत्यक्ष रोग होऊन गेल्यानेही प्रतिकारशक्ती जन्मभर राहत नाही, त्यामुळे वाढत्या वयात वर्धक मात्रा लागते.

बाळाला पहिली मात्रा साधारणतः सहाव्या आठवड्यापासून देता येते. त्याआधीचा काळ उघडा राहतो. तो झाकण्यासाठी गरोदर स्त्रीला, सामान्यतः गर्भारपणाच्या उत्तरार्धात, लस देतात, म्हणजे तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून गर्भाला मिळतात. घरात रोगी आढळल्यास प्रतिजैविक सुरू झाल्यापासून ५ दिवस, आणि ते न घेतल्यास उबळी लागल्यापासून ३ आठवडे त्याला वेगळे ठेवावे. अशा घरात तान्हे मूल किंवा दिवस भरत आलेली गरोदर स्त्री असेल, तर निकट संपर्कातील सर्वांना, त्यांनी लस घेतलेली असली तरी, प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविक दिले जाते.