पिरान्हा प्लांट: पाइपमधल्या शत्रूची पार्श्वभूमी

'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधल्या बहुतेक शत्रूंना स्वतःची चाल आहे. ते मारिओच्या दिशेने येतात आणि डोक्यावर उडी पडली की संपतात. पिरान्हा प्लांट ही शत्रू-वनस्पती मात्र पाइपमधून वर येते, जबडा उघडत-मिटत क्षणभर थांबते आणि पुन्हा खाली जाते. ती जागा सोडत नाही, पाठलागही करत नाही. तिच्यावर उडी मारली तर फटका मारिओलाच बसतो. तिचा इतिहास पाहायचा तर सुरुवात वनस्पतीपासून नव्हे, पाइपपासून करावी लागते.

1983 सालच्या 'मारिओ ब्रदर्स' या आर्केड गेममध्ये कासवे वरच्या पाइपमधून बाहेर पडत आणि खालच्या पाइपमध्ये शिरून पुन्हा वर प्रकटत. पाइप ही तेव्हा शत्रूंची ये-जा करण्याची वाट होती. 13 सप्टेंबर 1985 रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रासाठी 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणला, तेव्हा शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या रचनेत पाइपचे काम बदलले. तो आता ओलांडायचा अडथळा होता, आणि काही ठिकाणी भुयारात नेणारा दरवाजाही. एवढ्यावरच थांबले असते तर पाइप निव्वळ सोयीची वस्तू ठरला असता. त्यात वनस्पती बसवल्यामुळे प्रत्येक पाइप संशयास्पद झाला आणि धावत सुटलेल्या खेळाडूला थांबून वेळ मोजणे भाग पडले.

हा परिणाम किती थोडक्या साधनांत साधला आहे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. फॅमिकॉमवर हलणारी आकृती 8 बाय 8 पिक्सेलच्या तुकड्यांनी बनते, आणि या गेममधल्या सगळ्या हलत्या आकृत्यांना मिळून अशा 256 तुकड्यांचीच जागा होती. पिरान्हा प्लांटची एक मुद्रा उघड्या जबड्याची आणि दुसरी मिटलेल्या जबड्याची. प्रत्येक मुद्रेचा फक्त डावा अर्धा भाग 3 तुकड्यांत साठवला आहे आणि उजवा भाग म्हणजे त्याचेच आरशातले प्रतिबिंब. त्यामुळे अख्खी वनस्पती 6 तुकड्यांत भागते. ती पाइपमधून 'उगवते' हाही दृष्टिभ्रमच आहे. हलती आकृती पार्श्वचित्राच्या मागे दाखवण्याची सोय यंत्रात होती. पाइप पार्श्वचित्राचा भाग असल्याने वनस्पती त्याच्यामागे नुसती वर-खाली सरकते आणि पाहणाऱ्याला ती आतून आल्यासारखी वाटते.

तिच्या वागण्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की मारिओ पाइपवर किंवा पाइपला खेटून उभा असेल तर ती वर येतच नाही. हा नियम नसता, तर पाइपवर निवांत उभ्या असलेल्या खेळाडूचा जीव कोणतीही चूक नसताना गेला असता. पहिल्या टप्प्याबाबतची काळजी तर याहून बारीक आहे. पाइप रेखाटणारा प्रोग्रॅमचा भाग एरवी पाइपबरोबर वनस्पतीही ठेवतो, पण त्याआधी हा टप्पा 1-1 तर नाही ना, हे तपासून घेतो आणि असेल तर वनस्पती वगळतो. नवख्या खेळाडूने आधी पाइपवर विश्वास ठेवायला शिकावे आणि 1-2 या पुढच्या टप्प्याच्या भुयारात तो विश्वास डळमळावा, असा हा क्रम आहे. प्रोग्रॅममधल्या एका छोट्याशा अटीत इतके शहाणपण सहसा सापडत नाही.

तिचे जपानी नाव 'पाक्कुन फ्लॉवर' असे आहे. 'पाकु' हा तोंड उघडून मिटण्याचा ध्वन्यनुकारी शब्द, साधारण आपल्या 'गपकन'सारखा. 1980 सालच्या 'पॅक-मॅन'चे नावही त्याच मुळातून आले आहे. इंग्रजी नावात हा आवाज गेला आणि दक्षिण अमेरिकेतला दातेरी मासा आला. तिला पाहून व्हीनस फ्लायट्रॅप ही खरी कीटकभक्षी वनस्पती आठवते, पण दोघींचा स्वभाव वेगळा आहे. फ्लायट्रॅपचा सापळा हे तिचे पान असते, ते उघडे राहून वाट पाहते आणि सुमारे 20 सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच मिटते. पिरान्हा प्लांट मात्र भक्ष्य असो वा नसो, चघळतच राहते.

मारिओ जवळ असताना वर न येण्याची सभ्यता 1986 साली फक्त जपानमध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या दुसऱ्या भागाने मोडली. त्यातल्या लाल वनस्पती मारिओ पाइपच्या शेजारी उभा असला तरी वर येत, आणि काही वनस्पती छताच्या पाइपमधून उलट्या लोंबत. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठीच तो गेम असल्याने हा विश्वासघात क्षम्य म्हणावा लागेल. 1988 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स 3'मध्ये तिचा गोतावळा वाढला: आग थुंकणारी, काटेरी गोळा फुंकरीने हवेत झेलणारी, आणि आगीच्या गोळ्यांनाही दाद न देणारी काळी.

1996 च्या 'सुपर मारिओ 64'मध्ये ती त्रिमितीय जगात जमिनीवर झोपलेली आढळते. जवळ गेल्यावर संगीतकार कोजी कोंडो यांची अंगाई ऐकू येते; नियंत्रकावरची काठी अगदी हलकेच ढकलून पावले न वाजवता गेले तर ती जागी होत नाही, धावत गेले तर उठून चावते. पाइप गेला, पण ती एका जागी आणि मारिओने अंतराचे भान ठेवायचे, हा जुना करार टिकला. तो खऱ्या अर्थाने मोडला 2002 च्या 'सुपर मारिओ सनशाइन'मध्ये, जिथे पीटी पिरान्हा नावाचा तिचा अवाढव्य अवतार पायांवर चालतो आणि पानांचे पंख करून उडतोही. पुढच्याच वर्षी तो 'मारिओ कार्ट'मध्ये गाडी चालवू लागला.

मूळ वनस्पतीला खेळाडूच्या हाती यायला 2019 साल उजाडले. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या लढतीच्या गेममध्ये ती लढवय्या म्हणून दाखल होणार, ही घोषणा नोव्हेंबर 2018 मध्ये झाली आणि 29 जानेवारी 2019 पासून ती उपलब्ध झाली. नायकांच्या पंक्तीत एक बिननावाची साधी शत्रू बसल्याने अनेकांना नवल वाटले. रचनाकारांनी तिला हिंडते केले, पण तिची कुंडी काढून घेतली नाही. 1988 चा काटेरी गोळा तिथे तिचे शस्त्र झाला आहे, आणि अखेरच्या मोठ्या हल्ल्यासाठी ती पीटी पिरान्हालाच बोलावते.