रिपोर्ट पॉझिटिव्ह, पेशंटला काहीच नाही: कॉलनायझेशन आणि सरसकट स्वॅबच्या वादाची पार्श्वभूमी

वॉर्डात 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. एक म्हणजे इन्फेक्शन: ताप, पू, बीपी पडलेलं. दुसरं कॉलनायझेशन: जंतू नाकात, घशात, आतड्यात नुसता मुक्कामाला आहे, स्वॅब (कापसाच्या बोळ्यानं घेतलेला नमुना) पाठवला की लॅबमध्ये ग्रोथ येते, म्हणजे जंतू वाढतात, पण पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. नातेवाईक रिपोर्ट वाचतात आणि विचारतात, मग औषध का नाही सुरू केलं? लघवीच्या कॅथेटरचं बघा. नळी घातली की दर दिवसामागे ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्यानं जंतू यायला लागतात, महिनाभर राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच. त्रास नसताना त्या ग्रोथवर अँटिबायोटिक दिलं की साधे जंतू मरतात आणि दांडगे तेवढे उरतात.

पेशंटच्या अंगावरच साठा असतो हे डोळ्यांत भरायला १९५० चं दशक यावं लागलं, तेव्हा पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस हा जंतू) नवजात बाळांच्या वॉर्डांमधून पसरला आणि तपासलं तर बाळांच्या नाकात, नाळेवर, शिवाय सांभाळणाऱ्यांच्याही नाकात तोच. (स्टॅफ जंतू आणि स्टाफ माणसं, मराठीत लिहिताना गंमतच होते.) १९६९ मध्ये दिसलं की माणूस जितका जास्त आजारी तितके त्याच्या घशात ग्रॅम निगेटिव्ह जंतू (लॅबमधल्या रंगाच्या चाचणीवरून ठरणारा जंतूंचा एक गट) जास्त, आणि १९७२ मध्ये आयसीयूतल्या पेशंटांवर मोजलं तेव्हा ज्यांच्या घशात हे होते त्यांच्यातल्या २३ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांमध्ये ३.३ टक्क्यांना. म्हणजे आधी मुक्काम, मग हल्ला. पण हॉस्पिटलात लागलेल्या इन्फेक्शनची मोजणी मात्र घड्याळावरच राहिली, भरती झाल्यापासून ४८ तासांनंतर दिसलं की ते हॉस्पिटलचं, मग जंतू पेशंट घरूनच नाकात घेऊन आला असला तरी. २००१ मध्ये रक्तातला स्टॅफ आणि त्याच पेशंटच्या नाकातला स्टॅफ जुळवून बघितले तर ८० टक्क्यांहून जास्त वेळा एकच निघाला.

आता खरा वाद. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ, म्हणजे एमआरएसए, १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये सापडला होता, पण राजकारणात तो शिरला २००० नंतर. पेपरात 'सुपरबग' चे मथळे, आणि मागणी एकच, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाचा स्वॅब घ्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यानं २००७ मध्ये आयसीयूसाठी कायदाच केला. इंग्लंडमध्ये २००९ पासून ठरवून भरती होणाऱ्यांना आणि २०१० च्या शेवटापासून इमर्जन्सीवाल्यांनाही स्क्रीनिंग, म्हणजे अशी स्वॅब तपासणी, लागू झालं. गंमत अशी की हे ठरत होतं तेव्हा पुरावा दोन्ही बाजूंनी ओढत होता. २००८ च्या एकाच महिन्यात दोन अभ्यास आले: जिनिव्हात सर्जरीच्या २१ हजारांवर पेशंटांमध्ये स्क्रीनिंगचा काही फायदा दिसला नाही, इलिनॉयच्या तीन हॉस्पिटलांत मात्र एमआरएसएचे आजार निम्म्याहून कमी झाले. २०११ मध्ये तर एकाच जर्नलच्या एकाच अंकात एक अभ्यास म्हणतो आयसीयूत स्वॅब घेऊन वेगळं ठेवून फरक नाही, आणि दुसरा म्हणतो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये आयसीयूतले एमआरएसए इन्फेक्शन ६२ टक्क्यांनी घटले. माझं मत विचाराल तर दुसऱ्यातच उत्तर होतं, तिथे स्वॅबबरोबर हात धुण्यावरही जोर होता, आणि ज्या जंतूंसाठी स्वॅब घेतलेच नव्हते त्यांचे आजारही कमी झाले. मग श्रेय एकट्या स्वॅबला कसं द्यायचं?

शिवाय पॉझिटिव्ह निघालेल्याचं काय होतं तेही बघा. फाइलवर स्टिकर, वेगळी खोली, दारात गाऊन आणि ग्लोव्हज. प्रत्येक वेळी ते चढवायचे म्हणून डॉक्टरांच्या फेऱ्या कमी होतात, हे अभ्यासांमध्येही दिसलंय. त्या माणसाला झालेलं काहीच नसतं, नाकात जंतू आहे एवढंच.

२०१३ मध्ये प्रश्नच बदलला. ४३ हॉस्पिटलं, आयसीयूतले ७४ हजारांवर पेशंट, आणि एका गटात स्वॅबच नाही, सगळ्यांनाच रोज क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं पुसायचं आणि पाच दिवस नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावायचं. रक्तातले इन्फेक्शन, कुठल्याही जंतूचे, ४४ टक्क्यांनी कमी. कोण पॉझिटिव्ह हे शोधायची गरजच उरली नाही, फक्त सगळ्यांना मलम लावत सुटलं की म्युपिरोसिनलाही रेझिस्टन्स येणार, म्हणजे जंतू त्यालाही दाद देणार नाहीत, ही धाकधूक मागे राहिली. इंग्लंडनं २०१४ मध्ये सरसकट स्क्रीनिंग गुंडाळून जास्त जोखमीच्या पेशंटांपुरतं ठेवलं, फारसा गाजावाजा न करता.

पण तोवर वेगळेच पाहुणे आले होते. २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून नोंदवली गेलेली कँडिडा ऑरिस ही बुरशी कातडीवर महिनोन् महिने राहते, बेडच्या कठड्यावर टिकते, आणि ती अंगावरून घालवायची खात्रीची पद्धत नाही. आतड्यात बसलेल्या, कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या जंतूंचंही तेच, नाकातल्या मलमानं ते जात नाहीत. त्यामुळे पुन्हा काखेतला, जांघेतला, गुदद्वाराचा स्वॅब, पुन्हा वेगळी खोली, आणि पुन्हा नातेवाइकांचा तोच प्रश्न, औषध का नाही सुरू केलं.