पिंग होतंय, मग अडलंय कुठे?

हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या कुठल्याही क्लाउड टीमची रात्रीची चेंज विंडो, म्हणजे नेटवर्कमध्ये बदल करायला राखून ठेवलेली वेळ, घ्या. बदल टाकून झाला की कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला: "पिंग होतंय का रे?", म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का? 'हो' ऐकलं की निम्मे लोक कॉल सोडतात. थोड्या वेळाने क्लायंटचं तिकीट येतं, ॲप्लिकेशन लागत नाही. पिंगच्या 'हो'वर किती विसंबायचं, हा प्रश्न पिंगइतकाच जुना आहे.

पिंग लिहिलं माइक मूस यांनी, डिसेंबर १९८३ मध्ये. ते अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत होते आणि तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं. पिंगचं काम एवढंच: डेटाचं एक छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, पाठवायचं, समोरच्याने उत्तर द्यायचं, लागलेला वेळ छापायचा. मागोमाग व्हॅन जेकबसन यांचं ट्रेसराउट आलं आणि वाटेतले राउटर, म्हणजे पॅकेट पुढे पाठवणारी यंत्रं, दिसू लागले. दोन्ही साधनं आजही रोजच्या वापरात आहेत, आणि दोन्हींची मर्यादाही एकच: आत्ता, या दोन यंत्रांमध्ये, या जातीचं पॅकेट पोचलं, एवढंच ती सांगतात. उद्या पोचेल का, दुसऱ्या पोर्टवर (त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या सेवेच्या दारावर) पोचेल का, जिथे पोचायला नको तिथेही पोचतंय का, यावर ती गप्प.

बराच काळ यावर इलाजही नव्हता. नियम प्रत्येक राउटरच्या पोटात वेगळे आणि इंजिनिअर एकेका खोक्यात लॉगिन करून ते वाचणार. २००५ मध्ये जेफ्री शिए आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी दिशा दाखवली: कुठून कुठे पोचता येईल हे पॅकेट न पाठवता, नुसत्या कॉन्फिगरेशनवरून गणित मांडून काढता येतं. पण त्यासाठी सगळं कॉन्फिगरेशन एका जागी, एका वेळचं मिळायला हवं, आणि तेच दुर्मीळ होतं.

ते एका जागी आणलं एसडीएनने, म्हणजे सॉफ्टवेअरने एका जागेवरून नेटवर्क चालवण्याच्या पद्धतीने. स्टॅनफर्डमध्ये मार्टिन कसाडो आणि निक मॅकिओन यांच्या गटाने २००७ मध्ये ईथेन ही अशी रचना मांडली, २००८ मध्ये ओपनफ्लो आलं. निर्णय घेणारा कंट्रोलर वेगळा, पॅकेट ढकलणारा स्विच वेगळा. कसाडोंची निसिरा कंपनी व्हीएमवेअरने २०१२ मध्ये सुमारे १२६ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा हा विषय प्रयोगशाळेचा राहिला नाही. पुण्यातल्या कितीतरी लोकांच्या रेझ्युमेवर ओपन व्ही-स्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच), न्यूट्रॉन (ओपनस्टॅक क्लाउडचा नेटवर्क भाग) हे शब्द त्यानंतरच्या काळात चढले.

नेटवर्क असं गणिताने तपासण्याचा, म्हणजे पडताळणीचा, पाया रचला गेला तो याच सुमारास. २०१२ मध्ये पेमन काझेमियन, जॉर्ज व्हर्गिस आणि मॅकिओन यांनी पॅकेटचा हेडर, म्हणजे त्याच्यावरचा पत्ता वगैरे मजकूर, ही शून्य-एकची नुसती एक ओळ मानली, आणि प्रत्येक स्विच म्हणजे त्या ओळीवर क्रिया करणारं एक फंक्शन. (व्हर्गिस आयआयटी मुंबईत शिकलेले.) मग 'अ'पासून 'ब'पर्यंत कुठले हेडर पोचू शकतात, कुठे लूप होतो (पॅकेट गोल गोल फिरत राहतं), हे सगळं कागदावर निघतं. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या व्हेरिफ्लोने कंट्रोलर आणि स्विच यांच्यामध्ये बसून प्रत्येक नवा नियम स्विचवर जायच्या आधीच तपासून दाखवला.

मला यातलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं ते त्याच वर्षीचं, चाचणी-पॅकेट आपोआप तयार करण्याचं. हजार व्हीएम (क्लाउडमधली आभासी यंत्रं) असतील तर दोन्ही दिशा धरून ९,९९,००० जोड्या होतात. सगळ्यांनी सगळ्यांना पिंग करणं हा मूर्खपणा आहे. होंगयी झेंग आणि मंडळींनी स्टॅनफर्डच्या बॅकबोनवर (मुख्य नेटवर्कवर) हिशेब केला: सगळे नियम एकदा तरी वापरात आणायला सुमारे ४,००० पॅकेटं पुरतात, आणि नुसत्या लिंक तपासायच्या तर ५४. कुठली पॅकेटं पाठवायची हे मॉडेलने ठरवायचं आणि खरोखर पोचली का ते तारेवर बघायचं. कंट्रोलरला जे वाटतं आणि स्विच जे करतो, त्यातला फरक असाच पकडता येतो. कंट्रोलरच्या डेटाबेसमध्ये व्हीएमचं पोर्ट 'ॲक्टिव्ह' आणि होस्टवर फ्लो (पॅकेट पुढे पाठवायचा नियम) बसलेलाच नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

आता तो पिंग होऊनही अडण्याचा प्रकार जवळून बघू. एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क ठेवायला वापरतात ते व्हीलॅनचे क्रमांक ४,०९४ वर संपतात, म्हणून क्लाउडवाल्यांनी एका पॅकेटमध्ये दुसरं गुंडाळणारं व्हीएक्सलॅन आणलं. २०१४ मध्ये त्याचा आरएफसी (तांत्रिक दस्तऐवज) निघाला आणि क्रमांकांची मर्यादा दीड कोटीच्या पुढे गेली. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं वेष्टन. खालचं नेटवर्क १,५०० बाइटवर अडलेलं असेल तर आतल्या व्हीएमने १,४५० च्या वर जाऊ नये. लिनक्सवरचं साधं पिंग ८४ बाइटचं, ते सुखाने जातं. टीसीपीचा (ॲप्लिकेशन ज्यावर बोलतात त्या प्रोटोकॉलचा) जोडणी सुरू करणारा हँडशेकही छोटा, तोही होतो. एसएसएच (दूरच्या यंत्रात लॉगिन करायचं साधन) मात्र किल्ल्यांची देवाणघेवाण करताना लटकतं, कारण पहिलं मोठं पॅकेट तिथे निघतं. दारावर टकटक केल्यावर आतून 'कोण आहे?' आलं, म्हणून कपाट त्या दारातून आत जाईलच असं नाही. पिंगला 'तुकडे करू नको' सांगून १,४२२ बाइटचा डेटा (हेडर धरून १,४५०) पाठवला आणि तो गेला, मग १,४७२ चा (हेडर धरून १,५००) अडला, की निदान झालं. चाचण्यांच्या स्क्रिप्टमध्ये या दोन ओळी नसतील तर ती स्क्रिप्ट हिरवी दिसण्याला फारसा अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्टने पिंगमेश या आपल्या तपासणीच्या साधनाबद्दल २०१५ मध्ये लिहिलं, तेव्हा ते त्यांच्या डेटा सेंटरमध्ये चार वर्षांहून अधिक काळ चालू होतं. सर्व्हर सतत एकमेकांना तपासतात, तेही मुख्यतः टीसीपीने, कारण ॲप्लिकेशन टीसीपीच बोलतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अझुर क्लाउडचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यात सुरू झालं. नकाशावर पुणे काही मध्य भारतात येत नाही, पण ते असो.

४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद पडले. फेसबुकच्या बॅकबोनची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळी जोडणीच तोडली होती. असल्या कमांड अडवायला तपासणीचं साधन होतं. त्यातच बग निघाला. सुमारे सहा तास गेले. तपासणारं सॉफ्टवेअर कोण तपासणार, हा मुद्दा त्यानंतर आडून बोलण्याचा राहिला नाही.

तंत्राच्या बाजूने आता दोन्ही सवयी रुळल्या आहेत: बदलाआधी मॉडेलवर गणित, बदलानंतर खरी पॅकेटं. नॅट (वाटेत पत्ता बदलणं) आणि आधीची जोडणी लक्षात ठेवणारे फायरवॉल हे गणित अजून अवघड करतात. पण त्याहून मोठा खोळंबा होतो तो इनपुटला. कुणी कुणापर्यंत पोचावं आणि कुणी अजिबात पोचू नये, ही यादी माणसालाच द्यावी लागते. ॲप्लिकेशन टीम म्हणते उघडं ठेवा, सिक्युरिटी म्हणते बंद ठेवा, आणि यादी असते एका एक्सेल शीटमध्ये, जिच्यात 'पोचू नये' हा रकानाच कुणी केलेला नसतो.