पिवळा कागद म्हणजे जुना कागद?

‘रेल्वेचं मेन्यूकार्ड किंवा माहितीपत्रक पिवळं पडलंय, म्हणजे ते अस्सल जुनंच’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण पिवळेपणावरून वय ठरत नाही. लाकडाच्या लगद्यात लिग्निन हे उन्हाने पिवळं पडणारं द्रव्य असतं, त्यामुळे वर्तमानपत्र उन्हात काही दिवसांतच पिवळं पडतं. चिंध्यांपासून केलेला चांगला कागद मात्र शंभर वर्षांनीही उजळ राहतो. आधी कडा बघा: जुनेपणाचा रंग बहुधा कडेला गडद, आत फिकट असतो; चहात बुडवलेल्या कागदावर सगळीकडे डाग दिसतात. मग अंधारात नोटा तपासायचा यूव्ही दिवा धरा. कागद निळसर-पांढरा चमकला, तर त्यात साधारण १९५० नंतर रुळलेलं उजळपणाचं रसायन आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली १८९१ मध्ये. त्या काळातलं म्हणून विकायला आलेलं पत्रक असं चमकलं, तर घेऊ नका. नाही चमकलं, तरी तेवढ्यावरून ते जुनं ठरत नाही.