ईमॅक्समधील कीबोर्ड शॉर्टकट

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये कोणत्या कळीने कोणते काम व्हावे, हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो. १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या एडिटरवरील मॅक्रोंचा (एका झटक्यात चालणाऱ्या आज्ञा-मालिकांचा) संच म्हणून ईमॅक्स आकाराला आला. आज सर्वाधिक वापरात असलेला जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतला.

येथे साधे ‘ए’ अक्षरसुद्धा ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’ ही आज्ञा चालते म्हणूनच पडद्यावर उमटते. कळ आणि आज्ञा यांच्या जोड्या ‘कीमॅप’ नावाच्या तक्त्यांत असतात. शॉर्टकट बदलायचा म्हणजे तक्त्यातली नोंद बदलायची, एवढेच. नवख्याला पहिला हिसका बहुधा कंट्रोल-झेड देते: मजकूर पूर्ववत होण्याऐवजी खिडकीच मिनिमाइझ होते. इनिट फाइलीत, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगांच्या फाइलीत, लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेची एक ओळ लिहून, ‘कीमॅप-ग्लोबल-सेट’ने या कळीला ‘अनडू’ जोडले की प्रश्न मिटतो. हे फंक्शन २०२३ च्या २९व्या आवृत्तीत आले. जुन्या फाइलींतले ‘ग्लोबल-सेट-की’ही अजून चालते.

निदान मिटायला हवा. खरी गुंतागुंत तक्त्यांच्या अग्रक्रमाची आहे. मायनर मोडचा (हवी तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या जादा सुविधेचा) तक्ता आधी पाहिला जातो, मग मेजर मोडचा (फाइलीच्या प्रकारानुसार ठरणाऱ्या मुख्य पद्धतीचा), सर्वांत शेवटी ग्लोबल, म्हणजे सगळीकडे लागू असलेला. व्हिम या दुसऱ्या एडिटरची नक्कल करणारा इव्हिल हा मायनर मोड चालू असेल, तर कंट्रोल-झेड तो स्वतःकडे ठेवतो आणि आपली ग्लोबल नोंद नुसती पडून राहते. अशा वेळी इनिट फाइलीत ओळींवर ओळी वाढवण्यापेक्षा आधी कंट्रोल-एच, मग के आणि मग ती कळ दाबावी. कोणती आज्ञा चालते ते लगेच दिसते.

कंट्रोल-सी नंतर एक अक्षर, तसेच एफ-५ ते एफ-९ या कळी वापरणाऱ्यासाठी राखीव आहेत. पॅकेजांनी (ईमॅक्सला जोडायच्या तयार पुरवण्यांनी) त्यांना हात लावू नये असा संकेत आहे. कंट्रोल-आय मात्र सहसा बदलू नये. टर्मिनलमध्ये ती आणि टॅब या दोन्हींचा संकेतांक ९ असल्याने टॅबही सोबत बदलते.

मराठीत लिहिणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट कळफलक लावला की सी-च्या जागी ‘म’ येतो, आणि ईमॅक्सला कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-म ऐकू येते. प्रत्येक जोडी देवनागरीत पुन्हा बांधत बसणे व्यर्थ आहे. ईमॅक्समध्येच ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’ ही इनपुट मेथड (टंकलेखनाची पद्धत) निवडावी. कंट्रोल-बॅकस्लॅशने ती चालू-बंद होते आणि सगळे शॉर्टकट जागच्या जागी राहतात.