रोजच्या कामातून श्रद्धेचा धडा घेण्याची ख्रिस्ती परंपरा

येशूच्या काळी गालिलाच्या बाजारात चिमण्या विकायला असत. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्यांची किंमत एक दमडी सांगितली आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्यांना दोन दमड्या. हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकट पडते. आणि येशू नेमके हेच म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. गरिबाच्या बाजारातला भाव ज्याला तोंडपाठ आहे, त्यालाच असे बोलता येते.

रविवारच्या संदेशात पाळक शेतातला प्रसंग सांगतात. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजी दिवसभरात घडलेले काहीतरी वचनाशी जोडते. तरुण संघाच्या सभेत कुणी बसस्टँडवरची गोष्ट साक्ष म्हणून सांगतो. हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यामागे मोठा इतिहास आहे, हे लक्षात येत नाही.

येशूच्याही आधी संदेष्ट्यांची हीच रीत होती. देव यिर्मयाला म्हणतो, ऊठ, कुंभाराच्या घरी जा, तिथे मी तुला माझे वचन ऐकवीन. म्हणजे वचन ऐकायला मंदिरात जायचे नाही, चाकाजवळ जायचे. यिर्मया जातो, भांडे हातात बिघडलेले पाहतो, कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवताना पाहतो, आणि मग त्याला संदेश मिळतो. आमोस स्वतः गुराखी आणि उंबरांची राखण करणारा. त्याला ओळंबा दिसतो, उन्हाळी फळांची पाटी दिसते. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप दाखवायला येतो तेव्हा शास्त्रवचन काढत नाही, तर एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो.

येशूने ही रीत घरात आणली. पेरणारा, जाळे, द्राक्षमळ्यातले रोजंदार, जुन्या वस्त्राला लावलेले नव्या कापडाचे ठिगळ, मापाखाली झाकलेला दिवा. त्याच्या दाखल्यांत बायकांचे कामही तेवढ्याच मानाने येते, आणि माझ्या मते याकडे प्रवचनांतून पुरेसे लक्ष दिले जात नाही. एक बाई तीन मापे पिठात खमीर घालते. तीन मापे म्हणजे एका घराच्या भाकरीपुरते पीठ नव्हे, गावजेवण होईल इतके. शिवाय वल्हांडणाच्या सणात खमीर घराबाहेर काढायचे असते, आणि येशू देवाच्या राज्याला तेच उदाहरण निवडतो. दुसरी बाई हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडते. यांतले बहुतेक दाखले तो उलगडून सांगत नाही. पेरणाऱ्याचा किंवा निदणाचा दाखला शिष्यांनी विचारला म्हणून समजावला, बाकीचे ऐकणाऱ्याच्या पदरात टाकून तो पुढे गेला. या परंपरेचा पुढचा इतिहास पाहताना मला हीच खूण महत्त्वाची वाटते. ज्यांनी आधी वस्तू नीट पाहिली त्यांचे धडे टिकले, आणि ज्यांनी धडा आधी ठरवून वस्तू शोधली त्यांचे विरून गेले.

पहिल्या काही शतकांत मठ उभे राहिले तेव्हा प्रश्न आला की प्रार्थना आणि काम यांचे नाते काय. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या नियमांत कोठारप्रमुखाला सांगितले आहे की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. कुदळ आणि कढई यांना पूजापात्राचा मान देणारे हे एक वाक्य पुढे अनेक शतके मठांतून वाचले गेले. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये संत तेरेसा आपल्या भगिनींना लिहितात की आज्ञेप्रमाणे स्वयंपाकघरात काम पडले तर तिथे भांड्यांमध्येही प्रभू वावरत असतो. त्याच शतकात संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ मध्ये पोपच्या संमतीने प्रसिद्ध झाली. आपल्या येशूसंघाच्या सदस्यांना, म्हणजे जेझुइटांना, त्यांनी दिवसातून दोनदा घडलेल्या गोष्टी आठवून देव कुठे भेटला आणि आपण कुठे चुकलो हे तपासायची सवय लावली. आजारपणात इतर प्रार्थना राहिल्या तरी चालतील, ही राहू नये, असा त्यांचा आग्रह होता.

पॅरिसच्या कार्मेलाइट मठातले ब्रदर लॉरेन्स यांची गोष्ट मला यात सर्वात जवळची वाटते. मूळ नाव निकोला हर्मान, लोरेनचे, आधी शिपाईगिरी केलेले. अठराव्या वर्षी हिवाळ्यात पानगळ झालेले एक झाड पाहून, याला पुन्हा पालवी फुटणार, या विचाराने ते देवाकडे वळले. मठात त्यांना स्वयंपाकघर मिळाले. ते काम त्यांना मुळात आवडत नव्हते, पण पंधरा वर्षे त्यांनी ते केले, आणि कामाची वेळ व प्रार्थनेची वेळ आपल्याला वेगळी वाटत नाही असे म्हणण्यापर्यंत ते पोचले. एकदा द्राक्षारस खरेदीसाठी त्यांना बर्गंडीला पाठवले. पाय अधू, व्यवहाराचे ज्ञान नाही, नावेत पिंपांवरून लोळतच सरकावे लागे. ते देवाला म्हणाले, हे तुझेच काम आहे, आणि काम पार पडले. १६९१ मध्ये ते वारले. त्यांची पत्रे आणि संभाषणे एका धर्मगुरूंनी नंतर एकत्र केली. लॉरेन्स कढईतून रूपक काढत नाहीत. ते कढईपाशी उभे राहून देवाशी बोलतात.

इंग्लंडमध्ये मात्र याच शतकात रूपक काढण्याचीच शाखा बहरली. बिशप जोसेफ हॉल यांची प्रासंगिक मनने १६३० मध्ये छापली गेली. डेव्हनमधले पाळक जॉन फ्लॅवेल यांनी शेतकऱ्यांसाठी नांगरणी-पेरणीवर आणि खलाशांसाठी जहाजावर अशी पुस्तके लिहिली. १६६५ मध्ये रॉबर्ट बॉईल यांचे पुस्तक आले. शाळेत वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम ज्यांच्या नावाने शिकतो, तेच हे बॉईल. कुत्र्याला मांस घालणे, कालवे खाणे, ताप येणे, अशा बारीकसारीक गोष्टींवर त्यांनी धार्मिक चिंतने लिहिली. ही पुस्तके मोठ्या घरांतून मोठ्याने वाचली जात. जोनाथन स्विफ्ट यांना लेडी बर्कली यांच्याकडे ती वाचून दाखवावी लागत. कंटाळून त्यांनी त्याच शैलीत केरसुणीवर एक मनन लिहिले आणि बॉईलचे म्हणून वाचले. बाईंना ते मनापासून पटले. स्विफ्ट यांची ही टीका बोचरी आहे, पण खरी आहे. कुठल्याही वस्तूतून कुठलाही धडा निघू लागला की त्या वस्तूची गरजच उरत नाही.

रोजचे एक वचन ही कल्पना जर्मनीतून आली. हेर्नहूट या वस्तीत काउंट झिंझेनडॉर्फ यांनी १७२८ मध्ये मोराव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीला दर दिवशी एक वचन देण्याची प्रथा घातली. आधी ते घरोघरी जाऊन सांगत, १७३१ सालापासून छापील पुस्तिका निघू लागली आणि ती आजही निघते.

आता मराठीकडे येऊ. ही रीत आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणली असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण जमीन आधीच तयार होती. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठ’ म्हणून एकत्र केले, आणि ते सगळे रोजच्या व्यवहारातून घेतलेले आहेत. अरणचे सावता माळी ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ म्हणाले. जनाबाईंच्या जात्यावर विठ्ठल दळायला बसला. कीर्तनात दृष्टान्ताशिवाय निरूपण पुढे सरकत नाही. मराठी माणसाला कामातला देव कुणी शिकवावा लागला नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला आणि पुढचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला. इग्नेशियसची शिस्त अंगात मुरलेली आणि कानावर ओवी पडत होती. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले, सुमारे ११,००० ओव्यांचे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे वाचायला बंदी होती, आणि त्यांना आपल्या भाषेतले काहीतरी हवे होते. ती मागणी ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेली आहे. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात. मराठीची थोरवी सांगताना ते मोगऱ्याचे फूल आणि कस्तुरी यांचे दाखले देतात. गोव्यात आणि मंगळूरकडे हे पुराण अनेक पिढ्या वाचले गेले. ही वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. पण पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि ज्या मातीत ही ओवी उगवली तिथेच ती कोंडली गेली. ख्रिस्ती सत्तेनेच ख्रिस्ती पुराणाची भाषा दाबली, याचे दुःख आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

दोन शतकांनी दुसरी वाट अहमदनगरहून निघाली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे ठाणे केले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. सुरुवातीच्या प्रवचनांवर परदेशी साच्याची छाप होती. गावातल्या मंडळ्यांना, त्यातही गावकुसाबाहेरून आलेल्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना जवळचे वाटले ते भजन आणि कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती पदे रचली. टाळ-मृदंग चर्चमध्ये आले, आणि त्यांच्याबरोबर दृष्टान्तही आला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी या सगळ्याला कवीची नजर दिली. आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार, तिथून १० फेब्रुवारी १८९५ च्या मुंबईतल्या बाप्तिस्म्यापर्यंतचा त्यांचा प्रवास मराठी वाचकाला ठाऊक आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख वरवरची नाही. जखमी पक्षिणी असो की रानातले फूल, टिळक आधी त्याच्याकडे टक लावून पाहतात. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांचे अभंग मंडळीत पोचले आणि आजही उपासनेत गायले जातात.

पण या परंपरेतले मराठीतले सर्वोच्च लेखन मी लक्ष्मीबाई टिळकांचे मानतो. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आली. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असे कडक सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलेली ही मुलगी. पुढे एके दिवशी तिला प्रश्न पडला, जाती देवाने केल्या की माणसाने. तिने स्वतःशीच वाद घातला, स्वतःच उत्तर काढले, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचे पाणी प्यायला ती तयार झाली. तिथे कुणी उपदेशक नव्हता, पुस्तक नव्हते. पाण्याचा तांब्या आणि तिचे निर्भय मन एवढेच होते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. सगळे ‘स्मृतिचित्रे’ वाचून काढा, बाई कुठेही थांबून ‘यावरून आपण काय शिकतो’ असे म्हणत नाहीत. प्लेगचे दिवस, उधारी, घरात आणलेली परकी लेकरे, नवऱ्याचा विक्षिप्त उदारपणा, हे सगळे त्या हसत सांगतात आणि विश्वास त्या सांगण्यात मुरलेला असतो.

याच काळात पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलाचे भाषांतर करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते केले. संस्कृतप्रचुर मराठी साध्या बाईला कळत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम सोपे शब्द निवडले. छपाई आश्रमातल्याच मुलींनी आणि स्त्रियांनी केली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. दुष्काळातून वाचलेल्या बायकांनी खिळे जुळवून शब्द उभा करावा, हा स्वतःच एक दाखला होता.

विसाव्या शतकात रोजच्या मननाचा आजचा साचा ठरला. अमेरिकेत १९३५ मध्ये ‘द अप्पर रूम’ आणि १९५६ मध्ये ‘अवर डेली ब्रेड’ या पुस्तिका सुरू झाल्या. एक वचन, एक छोटा प्रसंग, एक प्रार्थना, सगळे मिळून एका पानात. पुढे अशा पुस्तिका भारतीय भाषांत उतरल्या, आणि त्यांनी अनेक घरांत सकाळची प्रार्थना टिकवली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांतल्या गोष्टींत बर्फ साफ करणारा शेजारी आणि घरामागचे गॅरेज येते, आणि जामखेडच्या किंवा जालन्याच्या वाचकाला एकाच पानात दोनदा भाषांतर करावे लागते, एकदा देशाचे आणि एकदा मनाचे. छोट्या साच्यामुळे धडा आधी ठरतो, ही स्विफ्टने दाखवलेली अडचणही तिथे आहेच.

वसईकडे वेगळे घडले. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी वसईची विहीर, वाडी आणि झाडे वाचवण्याच्या चळवळीत श्रद्धेचा अर्थ शोधला. तिथल्या गावांत ऑक्टोबरात आगेरा होतो आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतात. गोव्यात साष्टीतल्या राय गावी कणसांचे फेस्त ५ ऑगस्टलाच होते. नगर भागातल्या मंडळ्यांत हंगामाच्या सणाला बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, कधी कोंबडीसुद्धा वेदीपुढे येते. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो, आणि कुणीतरी आपलाच भोपळा दुप्पट भावाने परत घरी नेतो.