मे महिन्यात डबीत टिकणारा लिप बाम

घरी लिप बाम करायच्या नेटवरच्या बऱ्याच रेसिपी थंड हवेच्या ठिकाणच्या असतात आणि आपल्याकडं परभणी-नांदेडात उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, मग तीच रेसिपी जशीच्या तशी केली की डबीत नुसतं तेल. खरा घोळ खोबरेल तेलाचा आहे. ते 24 अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे तिकडं ते बाम घट्ट ठेवायला मदत करतं पण आपल्याकडं मार्चपासूनच ते पातळ, त्याच्या भरवशावर राहायचंच नाही, सगळा भार मेणावर.

मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशाला वितळतं. गरम तेलात विरघळवून गार केलं की त्याचे बारीक चपटे स्फटिक होतात, ते एकमेकांत अडकून जाळी बनते आणि तेल त्या जाळीत धरलं जातं. 20 ग्रॅम मेण अन् 80 ग्रॅम तेल घेतलं तरी बाम चांगला घट्ट होतो, म्हणजे विचार करा, पाचातले चार भाग तेलच! बोट फिरवलं की वरची जाळी मोडते, तेल सुटतं, ओठ मऊ होतात. पण तेलात मिसळलेलं मेण 62 च्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून गाडीच्या डिकीत ठेवायचा बाम असेल तर मेण 25 ग्रॅमपर्यंत न्या. त्याच्याही पुढं गेलं की बाम ओठावर ओढतो, पसरतच नाही.

मला त्यापेक्षा कार्नौबा मेण बरं वाटतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण 82 ते 86 अंशाला वितळतं, त्यामुळं थोडंसंच पुरतं. 3-4 ग्रॅम मधमाशीचं मेण काढून त्याजागी कार्नौबा घाला, पण ते आधी वितळवा, बाकीचं नंतर. तेल आपलं करडईचं चालतं, चमक पाहिजे तर थोडं एरंडेल.

शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल) घातलं असेल तर डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवा, सावकाश गार झालं की रवाळ होतं.

आणि डबीत ओतायच्या आधी थेंबभर मिश्रण गार चमच्यावर टाकून, गोठल्यावर बोटानं घासून बघाच. कडक वाटलं तर तेल, मऊ वाटलं तर चिमूटभर मेण, परत वितळवायचं, काही वाया जात नाही. हिवाळ्यात मात्र मेण 15-16 ग्रॅमवर आणा.